हिरवी चमक वाचायची कशी? एएनएच्या पहिल्या बॅचसाठी

डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) करून नव्यानं लॅबमध्ये आलेली मुलं इम्युनोफ्लुरोसन्सच्या, म्हणजे चमकणाऱ्या रंगानं प्रतिपिंडं शोधायच्या, अंधाऱ्या खोलीत पहिल्यांदा शिरतात, तेव्हा मायक्रोस्कोपखालची ती हिरवी केंद्रकं बघून हरखतात. मीही हरखले होते. पुढचे दोन-तीन महिने जे हिरवं दिसेल त्याला मी पॉझिटिव्ह म्हणत सुटले आणि सिनियर मॅडम शांतपणे माझे निम्मे रिपोर्ट खोडत राहिल्या. खोडताना त्या प्रत्येक वेळी एकच विचारायच्या: "विभागणारी पेशी बघितलीस का?"

हे टिपण एएनए या एकाच चाचणीभोवती लिहिते आहे. एएनए म्हणजे अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडी, स्वतःच्याच पेशीच्या केंद्रकाविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं. ल्युपस, स्क्लेरोडर्मा, श्योग्रेन अशा, शरीर स्वतःवरच उलटण्याच्या आजारांच्या शंकेनं डॉक्टर ही चाचणी लिहितात. या एका चाचणीत हात बसला, की फ्लुरोसन्सच्या बाकीच्या चाचण्या फार जड जात नाहीत.

दिवा कुणाच्या पाठीवर

प्रतिपिंड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच्या पाठीवर दिवा बांधायचा. ही कल्पना हार्वर्डच्या अल्बर्ट कून्स यांची. १९४१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी न्यूमोकॉकस जिवाणूंविरुद्धच्या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून दाखवला. तो पहिला रंग निळा चमकायचा आणि ऊतकांची स्वतःची चमकही निळसरच, त्यामुळे खरं-खोटं वेगळं करणं अवघड जाई. मग ते फ्लुरेसिनच्या हिरव्या रंगाकडे वळले. आज आपण वापरतो तो एफआयटीसी त्याच घराण्यातला. त्याच्यावर साधारण ४९५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडला, की तो ५२० च्या आसपासचा हिरवा प्रकाश बाहेर टाकतो. मायक्रोस्कोपचे फिल्टर निळा अडवतात आणि हिरवा डोळ्यांपर्यंत सोडतात.

दिवा बांधायच्या दोन तऱ्हा आहेत. शोधायचं आहे ते प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला चिकटतं तो पदार्थ) असेल, तर त्याला चिकटणाऱ्या प्रतिपिंडावरच रंग लावून ते थेट ऊतकावर घालायचं. ही डायरेक्ट पद्धत. रुग्णाच्या रक्तातलं प्रतिपिंड शोधायचं असेल तर काम दोन पायऱ्यांत होतं. स्लाइडवरच्या पेशींवर आधी रुग्णाचं सिरम घालायचं. त्यात प्रतिपिंड असेल तर ते चिकटून बसतं. मग माणसाच्या आयजीजीला (रक्तातल्या प्रतिपिंडांच्या मुख्य प्रकाराला) ओळखणारं, बकरीसारख्या प्राण्यात तयार केलेलं आणि एफआयटीसी जोडलेलं दुसरं प्रतिपिंड घालायचं. त्याला कॉन्जुगेट म्हणतात. ही इनडायरेक्ट पद्धत, आणि एएनए हिच्यातच मोडते. एका चिकटलेल्या प्रतिपिंडावर अनेक कॉन्जुगेट बसू शकतात, म्हणून चमक वाढते. पण मधे जे धुवायचं राहिलं असेल तेही तितक्याच उत्साहानं चमकतं.

स्लाइडवरच्या छोट्या खणांत, म्हणजे वेलमध्ये, हेप-२ नावाच्या पेशी वाढवून चिकटवलेल्या असतात. पूर्वी उंदराच्या यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे काप वापरत. हेप-२ ची केंद्रकं मोठी, केंद्रकी (केंद्रकातला न्यूक्लिओलस) ठळक, प्रतिजनं माणसाची, आणि एका थरात विभाजनाच्या अवस्थेतल्या पेशीही भरपूर सापडतात. ही पेशीरेषा स्वरयंत्राच्या कर्करोगातून आली असं सुरुवातीला सांगितलं जाई. नंतर उघड झालं, की तिच्यात हेला पेशींची घुसखोरी झालेली आहे. म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरमध्ये वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या पेशी आपल्या वेलमध्ये बसलेल्या असतात. मी नव्या मुलांना हे मुद्दाम सांगते, स्लाइड हाताळताना हात जरा हलका पडतो.

आदल्या तयारीत निम्मं काम

सिरम साध्या किंवा जेलच्या ट्यूबमधलं घ्या. रक्त अर्धा तास गोठू द्या, मगच सेंट्रिफ्यूज करा. घाईनं फिरवलेल्या ट्यूबमध्ये फायब्रिनचे धागे राहतात, वेलमध्ये ते चमकणाऱ्या कोळिष्टकांसारखे दिसतात. लालसर झालेलं किंवा दुधाळ सिरम दिसलं तर तशी नोंद करा आणि शक्य असेल तर नवं सँपल मागवा. काही दिवस २ ते ८ अंशांत चालतं, त्यापुढे उणे २० मध्ये ठेवा. गोठवणं-वितळवणं पुन्हा पुन्हा करू नका.

फॉर्मवरची औषधांची ओळ वाचायची सवय लावा. टीबीचं आयसोनियाझिड, रक्तदाबाचं हायड्रॅलाझिन, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं प्रोकेनामाइड या औषधांनी एएनए पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्याकडे टीबीचे रुग्ण पाहता, ती ओळ कोरी सोडणं परवडत नाही.

स्लाइडची पाकिटं फ्रिजमध्ये असतात. पाकीट बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, अर्धा तास तरी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात थंडगार पाकीट लगेच उघडलं, तर हवेतलं पाणी स्लाइडवर बसतं आणि पेशी फुगून-फुटून जातात. उलट मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे, एसी बंद पडलेल्या खोलीत, वेलमधला थेंब अर्ध्या तासात कडेनं सुकू लागतो. सुकलेली कड झगझगीत हिरवी दिसते आणि नवशिक्याला ती हमखास फसवते. त्यासाठी ओलसर डबा लागतो: झाकणाचा डबा, तळाशी पाण्यानं भिजवलेला टिश्यू, त्यावर स्लाइड ठेवायला काड्या. बाजारातला महागडा ह्युमिड चेंबर नसला तरी काही अडत नाही.

बफर म्हणजे पीबीएस (फॉस्फेटचं खारट द्रावण), पीएच ७.२ ते ७.४. तो दर वेळी मीटरवर बघा. एफआयटीसी आम्लाला फार हळवा आहे, पीएच उतरला की चमकही उतरते. आठवड्याभरापूर्वीच्या, तळाशी बुरशीचे तंतू तरंगणाऱ्या बाटलीतला बफर ओतून द्या. किंमत पावडरच्या एका पुडीची आहे.

सिरम पातळ करणं, हीच मोजपट्टी

या चाचणीत मोजायचं यंत्र म्हणजे तुमचं पिपेट. सिरम किती पातळ केल्यावरही चमक टिकते, त्यावरून प्रतिपिंड किती हे ठरतं. त्याला टायटर म्हणतात.

सुरुवातीचं डायल्युशन लॅबनं ठरवलेलं असतं, बहुतेक ठिकाणी १:८० किंवा १:१००. १:८० साठी १० मायक्रोलिटर सिरम आणि ७९० मायक्रोलिटर बफर. ५ आणि ३९५ नंही गणित जुळतं, पण ५ मायक्रोलिटरला पिपेटची छोटी चूकही टक्क्यांत मोठी होते, म्हणून मी १० च्या खाली जात नाही. टिपच्या बाहेर चिकटलेलं सिरम टिश्यूनं पुसा. बफरमध्ये टिप दोन-तीनदा वर-खाली करून सगळं सिरम धुऊन काढा. फेस होऊ देऊ नका.

पॉझिटिव्ह आलेलं सँपल पुढे दुपटीनं पातळ करत जायचं. पाच नळ्यांत २०० मायक्रोलिटर बफर घ्या. पहिल्या नळीत १:८० मधलं २०० घाला, मिसळा, त्यातलं २०० दुसरीत, असं पुढे. मिळतात १:१६०, १:३२०, १:६४०, १:१२८० आणि १:२५६०. प्रत्येक नळीला नवी टिप. टिप वाचवण्याच्या नादात पहिल्या नळीतलं दाट सिरम शेवटपर्यंत ओढत नेलं, तर टायटर भलतंच उंच येतं.

ज्या शेवटच्या डायल्युशनला चमक निश्चित दिसते आणि तिचा पॅटर्नही (चमकीची ठेवण) ओळखता येतो, ते टायटर. दुपटीच्या मोजपट्टीत एका पायरीचा फरक चाचणीच्या स्वभावातच आहे. आज १:१६० आणि सहा महिन्यांनी १:३२० आलं, तर "दुप्पट वाढलं" असं फोनवर रुग्णाच्या नातेवाइकांना सांगू नका. मी एकदा सांगून बसले होते. त्या बिचाऱ्यांची रात्रभर झोप उडाली आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला समजेल अशा भाषेत समजावलं.

वेल भरण्यापासून कव्हरस्लिपपर्यंत

प्रत्येक स्लाइडवर किंवा निदान प्रत्येक बॅचमध्ये निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेली सिरम, हवेतच. माझा आग्रह तिसऱ्याचा असतो: कटऑफच्या (पॉझिटिव्ह धरायच्या सीमेच्या) जेमतेम वर असणारं कमजोर पॉझिटिव्ह. जोरदार पॉझिटिव्ह कंट्रोल कॉन्जुगेट अर्धमेलं झालं तरी चमकत राहतो, दगा आधी कमजोर कंट्रोल दाखवतो.

किटच्या कागदावर असेल तेवढं, साधारण २५ ते ३० मायक्रोलिटर, प्रत्येक वेलमध्ये घाला. टिप पेशींना टेकवू नका, ओरखडा उमटतो. बुडबुडा राहिला तर तिथे गोल काळा डाग दिसेल. कोणत्या वेलमध्ये कोण, हे वहीत आधी लिहा आणि मगच थेंब टाका. डबा झाकून खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं.

आता धुणं. या पायरीवर मी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. स्लाइड किंचित तिरपी धरा आणि वॉश बॉटलची धार वेलवर न मारता दोन ओळींच्या मधल्या पट्टीवर सोडा. आधी एका ओळीकडे तिरपी, मग दुसरीकडे. एका वेलमधलं सिरम शेजारच्या वेलवरून वाहता कामा नये. त्यानंतर कॉप्लिन जारमध्ये (स्लाइड उभ्या ठेवायच्या बरणीत) ताज्या पीबीएसमध्ये ५ मिनिटं, मग पुन्हा नव्या पीबीएसमध्ये ५ मिनिटं.

सेंट्रोमियर पॅटर्न (तो कसा दिसतो ते पुढे सांगते) काही रोज दिसत नाही. माझ्या पहिल्या वर्षात एका संध्याकाळी तो शेजारशेजारच्या दोन वेलमध्ये दिसला, एकात लखलखीत आणि दुसऱ्यात फिका. मला वाटलं, काय योगायोग! मॅडमना मात्र ते पटलं नाही, त्यांनी दोन्ही सँपल पुन्हा लावायला सांगितली, वेगवेगळ्या स्लाइडवर. दुसरं सँपल स्वच्छ निगेटिव्ह निघालं. मी धार सरळ पहिल्या वेलवर मारली होती. तेव्हापासून दुर्मीळ पॅटर्न जोडीनं दिसला की मी आधी स्वतःच्या हाताकडे बघते.

धुतल्यावर वेलभोवतीचं पाणी ब्लॉटिंग पेपरनं टिपा, वेलमधला ओलावा राहू द्या. इथे स्लाइड सुकली तर सगळी पार्श्वभूमी हिरवट होते आणि मागे फिरता येत नाही. मग कॉन्जुगेटचा थेंब, पुन्हा ओलसर डबा, पुन्हा ३० मिनिटं, पण आता अंधारात. डब्यावर काळं कापड टाकलं तरी पुरे. पुन्हा तसंच दोनदा धुणं. काही किटमध्ये इव्हान्स ब्लू असतो, त्यानं पेशीद्रव लालसर दिसतं आणि फालतू हिरवेपणा दबतो. जास्त झाला तर खरी कमजोर चमकही तोच गिळतो.

शेवटी ग्लिसरीनच्या माउंटिंग मीडियमचे थेंब आणि कव्हरस्लिप. मीडियम थोडं अल्कधर्मी असतं ते वर सांगितलेल्या पीएचच्या कारणानंच. कव्हरस्लिप एका कडेनं हळूहळू टेकवा, दाबू नका.

कॉन्जुगेटचा नवा लॉट आला की जुन्या सँपलवर दोन्ही लॉट शेजारी लावून बघा. एका वेलमध्ये सिरमऐवजी नुसतं बफर घाला. तिथे काही चमकलं, तर दोष कॉन्जुगेटचा किंवा धुण्याचा.

अंधारात वाचताना

पाऱ्याचा दिवा असेल तर तो १५-२० मिनिटं आधी लावा. बंद केला तर गार होईपर्यंत पुन्हा लावू नका. त्याचं आयुष्य २००-३०० तासांच्या घरात असतं आणि शेवटी शेवटी तो मुकाट्यानं मंद होत जातो, त्याबरोबर तुमची टायटरंही खाली येतात. एलईडीच्या नव्या मायक्रोस्कोपना ही कटकट नाही. डोळ्यांनाही अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं द्या, मोबाइल बाहेर ठेवून.

आधी निगेटिव्ह कंट्रोल, मग पॉझिटिव्ह, मग सँपल. कंट्रोल बिघडला असेल तर बॅच रद्द, रुग्णांच्या वेल बघायच्याच नाहीत. बघितल्या की मन काही ना काही वाचतंच. २० च्या ऑब्जेक्टिव्हनं सगळी वेल फिरा, ४० नं पॅटर्न ठरवा. एकाच जागी फार वेळ थांबलात तर तिथला रंग जळून फिका होतो, म्हणून जागा बदलत राहा, फोटो आधी काढा.

आणि आता मॅडमचा प्रश्न. विभाजनाच्या मध्यावस्थेत गुणसूत्रं पेशीच्या मधोमध एका पट्टीत येतात, ती मेटाफेज प्लेट. नुसत्या विश्रांतीतल्या केंद्रकांकडे बघून एकसारखी चमक आणि फार बारीक ठिपके यांतला फरक कळत नाही. तो ही पट्टी सांगते.

केंद्रक सगळीकडे सारखं उजळलेलं आणि पट्टीही लख्ख उजळलेली, तर होमोजिनियस. डीएस-डीएनए (दुपदरी डीएनए), हिस्टोन, न्यूक्लिओसोम यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं असं दाखवतात आणि ल्युपसकडे लक्ष जातं. केंद्रकात ठिपके पण पट्टी अंधारी, तर स्पेकल्ड. ठिपके बारीक रव्यासारखे असतील तर एसएसए-एसएसबी या प्रतिपिंडांचा विचार, लापशीच्या जाड रव्यासारखे असतील तर एसएम आणि यू१-आरएनपी या प्रतिपिंडांचा. केंद्रकात रांगोळीच्या ठिपक्यांसारखे मोजता येतील असे सुटे ठिपके आणि पट्टीत तेच ठिपके ओळीनं दाटलेले, तर सेंट्रोमियर. स्क्लेरोडर्माच्या मर्यादित प्रकाराशी याचं नातं आहे. फक्त केंद्रकी उजळली तर न्यूक्लिओलर, तोही बहुतेक स्क्लेरोडर्माच्या दिशेनं बोट दाखवतो.

नवशिक्यांचा खरा घात करतो तो डेन्स फाइन स्पेकल्ड. दाट, बारीक, कमी-जास्त ठिपके, आणि पट्टीही ठिपक्यांनी उजळलेली. पट्टी उजळली म्हणून घाईनं होमोजिनियस लिहून टाकतात. पण हा पॅटर्न एकटा असेल तर बऱ्याचदा धडधाकट माणसात सापडतो. रिपोर्टवर होमोजिनियस गेलं, तर त्या माणसाच्या मागे ल्युपसच्या तपासण्यांचं शुक्लकाष्ठ लागतं.

पॅटर्नची नावं जगभर सारखी असावीत म्हणून आयकॅप या आंतरराष्ट्रीय गटानं एसी क्रमांक दिलेत: होमोजिनियस एसी-१, डेन्स फाइन स्पेकल्ड एसी-२, सेंट्रोमियर एसी-३. नाव आणि क्रमांक दोन्ही लिहा. पेशीद्रवातली चमकही सोडू नका. केंद्रक काळं असलं तरी पेशीद्रवातली दाणेदार चमक यकृताच्या प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिसची खूण असू शकते.

शक्य असेल तर दोघांनी स्वतंत्र वाचा आणि मगच वह्या जुळवा. दोघांत एका पायरीपेक्षा जास्त फरक पडला तर सँपल पुन्हा लावा.

रिपोर्टवर काय जातं

टायटर, पॅटर्न, एसी क्रमांक आणि पद्धत, एवढं तरी हवंच. "एएनए पॉझिटिव्ह" इतकंच लिहिलेला कागद डॉक्टरांच्या काही कामाचा नाही. १९९७ साली १५ प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या अभ्यासात निरोगी लोकांपैकी ३१.७ टक्के १:४० ला पॉझिटिव्ह आले, १:८० ला १३.३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला ३.३ टक्के. ल्युपसच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १:८० किंवा जास्त एएनए ही दारातली अट आहे. दार उघडलं म्हणजे निदान झालं असं नाही, पुढे गुण मोजावे लागतात.

निगेटिव्हचीही एक खोच आहे. एसएसए प्रतिपिंडं हेप-२ वर कधी कधी निसटतात. गर्भवतीमध्ये ती असतील तर बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांनी एसएसए वेगळं मागितलं, तर "एएनए निगेटिव्ह आहे, गरज नाही" असं काउंटरवरून परस्पर सांगू नका.

पुढच्या स्लाइड

होमोजिनियस आलं की बहुधा डीएस-डीएनए मागवलं जातं. त्याची एक तऱ्हा क्रिथिडिया ल्युसिली या एकपेशीय जिवावर चालते. हा माश्यांच्या पोटात राहणारा परजीवी, पण त्याच्या किनेटोप्लास्टमध्ये (केंद्रकापासून वेगळ्या एका ठिपक्यात) दुपदरी डीएनए ठासून भरलेलं असतं. त्या एका ठिपक्याची चमक मोजायची. केंद्रक किंवा शेपटीचं मूळ चमकलं तर ते धरायचं नाही.

प्रतिजन शोधायच्या डायरेक्ट पद्धतीचं ठळक उदाहरण रेबीजचं. मेलेल्या प्राण्याच्या मेंदूच्या ठशावर रंग लावलेलं प्रतिपिंड घालतात आणि विषाणूचं प्रतिजन हिरव्या कणांत दिसतं. हे काम लस घेतलेल्या, प्रशिक्षित माणसांचंच. आपल्याकडे जास्त येतात त्या त्वचेच्या आणि मूत्रपिंडाच्या बायोप्सी. पेम्फिगसमध्ये (त्वचेवर फोड येण्याच्या आजारात) पेशींच्या मधून आयजीजीचं कोळ्याच्या जाळ्यासारखं विणकाम दिसतं. पण तुकडा फॉर्मलिनमध्ये आला तर सहसा सगळं फुकट. मिशेल मीडियमची (असा तुकडा आणायच्या द्रवाची) बाटली वॉर्डात आधीच पोचवून ठेवा.

यंत्रातून थेट आकडा देणाऱ्या फ्लुरोसन्सच्या पद्धतीही आहेत: रंगीत मणी, एन्झाइमनं चमकणारं द्रव्य, फ्लो सायटोमीटर. आकडा सुबक असतो, पण एका कंपनीच्या किटचे युनिट दुसरीच्या युनिटशी ताडून बघू नका, दोघींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत.

वाचून झालेल्या स्लाइड अंधारात, २ ते ८ अंशांत ठेवा. शंका निघाली तर त्या दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पुन्हा बघता येतात. सिरमच्या नळ्या आणि टिपा बायोमेडिकल कचऱ्याच्या ठरलेल्या पिशव्यांत. निघताना दिवा किती तास चालला ते मायक्रोस्कोपशेजारच्या वहीत लिहा, सकाळच्या पाळीला तोच आकडा आधी लागतो.